तुरेवाल्या नेच्याचं नाव काय? पानाच्या पाठीवरून ओळख पटवायची रीत

जळगावात दोन पाऊस पडून गेले की कॉलन्यांमधून रोपांच्या हातगाड्या फिरायला लागतात. पुढच्या बाजूला तुळस, मोगरा, गुलाब, जास्वंद आणि मागे काळ्या पिशव्यांमध्ये 'शोची झाडं'. २०२३ च्या श्रावणात अशाच एका गाडीवर मला एक विचित्र नेचा दिसला. पानं पट्ट्यासारखी लांब, जाडसर, फिकट हिरवी. देठाकडे अगदी साधी, पण टोकाला गेल्यावर फाटत फाटत त्यांची दहा-बारा बोटं झालेली आणि ती बोटं पुन्हा दुमडलेली. गाडीवाला म्हणाला, "ताई, फॉरेनचं फर्न आहे. कोंबडा फर्न. रोज पाणी टाका, काही होत नाही." १८० सांगितले, १५० ला दिलं.

सासूबाई धुळ्याकडच्या. कुंडी पाहिल्याबरोबर म्हणाल्या, "हाई काय वं? कोंबडाना तुरा शे का?" म्हणजे गाडीवाल्याचं आणि त्यांचं एकमत झालं. माझं मात्र समाधान होईना. फोनवरच्या झाडं ओळखणाऱ्या ॲपला पाच फोटो दाखवले, त्याने तीन नावं दिली: एकदा बर्ड्स नेस्ट फर्नचा कुठलासा वाण, एकदा युरोपातलं हार्ट्स टंग फर्न आणि एकदा चक्क सॅलडचं लेट्यूस.

नावाचा एवढा अट्टहास कशासाठी, असं घरातल्यांनी विचारलंच. कारण मे महिना. हार्ट्स टंग फर्न हे थंड, ओलसर मुलखातलं झाड. ते असेल तर आमच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात ते जगवण्याची आशा सोडलेली बरी. बर्ड्स नेस्ट असेल तर जगेल, पण मधल्या खळग्यात पाणी ओतून चालणार नाही. आणि तिसरंच काही असेल तर त्याची रीत तिसरीच असणार. पुढचे आठ-नऊ महिने मी ज्या क्रमाने हा शोध घेतला, त्याच क्रमाने इथे लिहिते आहे. तुमच्याकडचा नेचा वेगळा असला तरी क्रम हाच ठेवा. एक गोष्ट मात्र मी उलटी केली होती, ती तुम्ही करू नका: मी आधी नाव शोधलं आणि मग झाड त्यात बसवायला गेले.

मुळात तो नेचा आहे का?

नर्सरीत जे काही नाजूक आणि झिरमिळ्या पानांचं असतं, ते सगळं 'फर्न' या नावाखाली विकलं जातं. लग्नाच्या गुच्छात लावतात ते ॲस्परॅगस फर्न नेचा नाहीच, ते शतावरीच्या वंशातलं. त्याला बारीक पांढरी फुलं येतात, नंतर गोटीसारखी फळं धरतात. फूल किंवा फळ दिसलं की विषय संपला, नेच्याला या दोन्ही गोष्टी कधीच येत नाहीत. सिलॅजिनेला म्हणून मखमली गालिच्यासारखं एक रोप मिळतं, तेही नेच्यांचं लांबचं चुलत भावंड. जत्रेत 'संजीवनी' म्हणून सुकलेला गोळा विकतात आणि पाण्यात टाकला की उलगडून दाखवतात, तो याच वंशातला.

खऱ्या नेच्याची खूण म्हणजे कोवळं पान. ते पायाकडून टोकापर्यंत गुंडाळीसारखं वळलेलं असतं आणि घड्याळाच्या स्प्रिंगसारखं हळूहळू उलगडतं. पण या एका खुणेवर थांबू नका. सायकसच्या कोवळ्या पानाच्या पात्याही अशाच वळलेल्या असतात आणि सायकस काही नेचा नाही. गुंडाळी आहे, फूल नाही, आणि पुढेमागे पानाच्या पाठीवर बीजाणूंचे, म्हणजे बियांऐवजी नेच्याला येणाऱ्या सूक्ष्म कणांचे, ठिपके येतात, अशा तिन्ही गोष्टी जुळल्या की खात्रीने नेचा म्हणा. माझ्याकडच्या झाडाचं नवं पान बाळाच्या मिटलेल्या मुठीसारखं वर आलं आणि मूठ उघडली तसा तुरा झाला. लेट्यूस तिथेच बाद झालं.

विकणाऱ्याकडून जेवढं मिळेल तेवढं घ्या

नाव विचारू नका, ते त्याला माहीत नसतं आणि तुम्हाला निराश करायला नको म्हणून तो काहीतरी सांगतो. माल कुठून येतो ते विचारा. खानदेशातल्या नर्सऱ्यांमध्ये शोभेची रोपं बहुतेक पुण्याकडून, नाहीतर आंध्रातल्या कडियमहून येतात. मोठ्या रोपवाटिकेतून आलेल्या ट्रेमध्ये एखाद्या कुंडीला मूळ नावाची पट्टी चिकटलेली असते, ती मागून घ्या. पिशवीतलं माध्यमही बघा. नुसतं कोकोपीट आणि त्यात एकसारखी लहान लहान रोपं असतील तर ती बहुधा ऊतीसंवर्धनातली असतात.

आपल्याकडे ऊतीसंवर्धन म्हटलं की केळी. रावेर-यावलच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको की प्रयोगशाळेत वाढवलेल्या हजारो रोपांत एखादं रोप वेगळंच निघतं, पानं अरुंद किंवा घड विचित्र. केळीत ते उपटून टाकतात. शोभेच्या झाडांत मात्र अशा एखाद्या विचित्र रोपाला नाव देऊन चढ्या भावात विकतात. तुमच्या 'दुर्मीळ' नेच्याचं मूळ पुष्कळदा एवढंच असतं.

समोरून दिसणाऱ्या रूपावर विश्वास ठेवू नका

सगळ्यात मोठी चूक इथे होते, आणि ॲपही इथेच फसतं. पान फाटलेलं, कुरळं, झालरीचं, पिवळ्या पट्ट्याचं, ठिपक्याठिपक्यांचं, ही सगळी वरची नक्षी आहे. तुरा येणं ही नेच्यांमध्ये वारंवार घडणारी गोष्ट. पानाच्या वाढत्या टोकाचे दोन भाग होतात, त्या दोनांचे चार, आणि हे थांबतच नाही. एकमेकांशी दूरचं नातं असलेल्या कितीतरी नेच्यांमध्ये हा फरक स्वतंत्रपणे उद्भवलेला आहे. हार्ट्स टंगला तुरा असतो, बर्ड्स नेस्टला असतो, टेरिस नावाच्या नेच्याला असतो, बॉस्टन फर्नच्या भाईबंदांतल्या फिशटेललाही असतो. त्यामुळे 'तुरा आहे' यावरून झाड ओळखणं म्हणजे 'कुरळे केस आहेत' यावरून आडनाव सांगणं.

इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात लोक अशा चमत्कारिक नेच्यांपायी वेडे झाले होते. १८५५ मध्ये चार्ल्स किंग्जली या लेखकाने या वेडाला 'टेरिडोमेनिया' असं नावच देऊन टाकलं. रानोमाळ फिरून फाटक्या, वळलेल्या, तुरेदार पानांचे नेचे उपटून आणायचे आणि प्रत्येकाला लांबलचक लॅटिन नाव चिकटवायचं, असा तो प्रकार. आज बाजारात दिसणारी 'क्रिस्टाटा', 'ग्रँडिसेप्स' असली नावं त्याच धाटणीची आहेत.

मग समोरून काही बघायचंच नाही का? बघायचं, पण मोजून. पान एकसंध पट्टा आहे की मधल्या देठाच्या दोन्ही बाजूंना दलं आहेत? दलं पुन्हा विभागली आहेत का? सगळी पानं सारखी आहेत की दोन प्रकारची? हरणशिंगी फर्नला बुडाशी ढालीसारखं चिकटलेलं एक पान असतं आणि शिंगासारखी वेगळी. सह्याद्रीतल्या झाडांच्या खोडांवर दिसणाऱ्या बाशिंग नेच्यालाही अशीच दोन तऱ्हेची पानं, तपकिरी वाळकी खाली आणि हिरवी वर. हे सगळं वहीत लिहा, फूटपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा आणि पुढे चला.

शिरा: टॉर्चची परीक्षा

रात्री दिवे मालवा, फोनचा टॉर्च पानाच्या मागे धरा आणि समोरून बघा. एकसंध पट्टापानाच्या नेच्यांत या एका गोष्टीने निम्मं काम होतं.

बर्ड्स नेस्ट, म्हणजे ॲस्प्लेनियम निडस, याच्या पानात मधल्या काळसर जाड शिरेपासून बारीक शिरा तिरप्या निघतात आणि कंगव्याच्या दातांसारख्या एकमेकींना समांतर कडेपर्यंत जातात. वाटेत एखादी दुभंगते, पण शेजारणीला मिळत नाही. अगदी कडेशी मात्र एक बारीक शीर सगळ्यांना गुंफत जाते. मायक्रोसोरम नावाच्या वंशात याउलट जाळं असतं: शिरा एकमेकींना मिळून लहान-मोठी घरं करतात आणि त्या घरांत आणखी बारीक शिरांची टोकं अर्धवट संपतात. कोळ्याच्या जाळीमागे दिवा धरावा तसं दिसतं.

माझ्या पानात जाळं होतं. पान जाड असल्याने पहिल्यांदा नीट दिसलं नाही. तुऱ्याकडचा भाग पातळ असतो, तिथे धरलं तेव्हा स्पष्ट झालं. म्हणजे ॲपची पहिली दोन्ही उत्तरं डळमळली, कारण हार्ट्स टंगही ॲस्प्लेनियमच.

बुंधा उकरून बघा

वरची माती चमच्याने हलकेच बाजूला करा. पानं कुठून निघतात? एकाच मध्यबिंदूतून चहूबाजूंना, टोपलीसारखी? की जमिनीलगत आडव्या सरपटणाऱ्या खोडावरून एकामागे एक?

ॲस्प्लेनियम निडसचा बुंधा उभा, आखूड आणि त्याच्या डोक्यावर पानांचं घरटं. नाव त्यावरूनच पडलं. मायक्रोसोरमचं खोड आडवं, करंगळीपेक्षा बारीक, त्यावर तपकिरी खवले. पानं जवळजवळ असल्याने वरून पाहिलं तर घरट्यासारखाच भास होतो, पण उकरलं की फरक कळतो. डॅव्हालिया, म्हणजे सशाचा पाय, याचं केसाळ खोड तर कुंडीच्या कडेवरून बाहेर लोंबतं. फ्लेबोडियम नावाच्या नेच्याचं खोड सोनेरी लवेचं असतं.

बॉस्टन फर्नसारखं दिसणारं झाड असेल तर उकरण्यात दुप्पट फायदा. नेफ्रोलेपिस वंशातल्या दोन जाती आपल्या नर्सऱ्यांमध्ये एकाच नावाने विकल्या जातात. नेफ्रोलेपिस कॉर्डिफोलियाच्या धाग्यासारख्या खोडांना मातीत गोल, खवल्यांनी मढलेल्या पाणीदार गाठी लागतात, हरभऱ्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या. नेफ्रोलेपिस एक्झाल्टाटाला, म्हणजे खऱ्या बॉस्टन फर्नच्या जातीला, गाठी नसतात. 'बॉस्टन' म्हणून घेतलेल्या माझ्या जुन्या कुंडीत मूठभर गाठी निघाल्या. चार वर्षं चुकीच्या नावाने हाक मारत होते बिचाऱ्याला.

खवल्यांच्या बाबतीत माझी एक फजिती सांगते. जळगाव सोन्याचं गाव, त्यामुळे सराफाकडचं दहापट मोठं दाखवणारं भिंग मिळायला अडचण पडली नाही. ॲस्प्लेनियमचे खवले भिंगाखाली जाळीच्या खिडकीसारखे दिसतात असं वाचलेलं. माझा खवला जाळीदार निघाला आणि मी आनंदाने ॲस्प्लेनियम लिहूनही टाकलं. दोन दिवसांनी कळलं की मायक्रोसोरमचे खवलेही जाळीदारच असतात. एक खूण जुळली म्हणून नाव ठरवू नये. दोन उमेदवारांना वेगळं करणारी खूण कोणती, ते आधी ठरवावं.

पानाची पाठ

नेच्याची जन्मपत्रिका पानाच्या पाठीवर असते. तिथे तपकिरी ठिपके, रेघा किंवा पट्टे दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे पुष्कळ सूक्ष्म पिशव्यांचा पुंज, आणि एकेका पिशवीत साधारण ६४ बीजाणू. या पुंजांचा आकार, जागा आणि त्यावर झाकण आहे की नाही, हे वाणागणिक बदलत नाही. पान कितीही फाटो, पाठीवरची मांडणी वंशाशी इमान राखते.

ॲस्प्लेनियमचे पुंज रेघांसारखे, तिरप्या शिरांच्या कडेने एकाखाली एक आखलेले, प्रत्येकावर एका बाजूने चिकटलेली पातळ झाकणी. हार्ट्स टंगमध्ये अशा दोन रेघा एकमेकींकडे तोंड करून जोडीने येतात. नेफ्रोलेपिसमध्ये कडेजवळ गोल ठिपक्यांची रांग आणि प्रत्येकावर मूत्रपिंडाच्या आकाराची झाकणी. ग्रीकमध्ये नेफ्रोस म्हणजे मूत्रपिंड आणि लेपिस म्हणजे खवला, नाव तिथूनच आलं. डॅव्हालियाचे पुंज कडेशी लहान पेल्यांत बसलेले. टेरिसमध्ये पुंजांची अखंड रेघ दलाच्या कडेने धावते आणि पानाचीच कड मुडपून तिच्यावर पांघरूण घालते. हरणशिंगीत शिंगांच्या टोकांना मखमली तपकिरी डाग. फ्लेबोडियममध्ये उघडे गोल ठिपके रांगेत. आणि मायक्रोसोरम? मायक्रोस म्हणजे लहान, सोरस म्हणजे ढीग. टाचणीच्या टोकाएवढे उघडे गोल ठिपके, झाकणी नाही, ना रांग ना शिस्त. पानाच्या वरच्या भागात मोहरी सांडावी तसे.

हे वाचून डोक्यात राहत नाही, डोळ्याला सवय लागते. ती लावून घ्यायला आपल्या भागात फुकटची शाळा आहे. जुन्या दगडी विहिरी बघा. आत उतरायला मुळीच नको, काठावरून दिसतं. चुन्याच्या सांध्यांतून हंसराज लोंबत असतो, काळ्या चकचकीत देठाचा. त्याच्या पंख्यासारख्या दलाची कड जागोजागी मुडपलेली, पुंज त्या घडीच्या पोटात. शेजारीच लांब पात्यांचा टेरिस व्हिटाटा दिसेल, कडेने अखंड तपकिरी रेघ असलेला. जमिनीतलं आर्सेनिक स्वतःच्या पानात शोषून साठवणारा नेचा म्हणून २००१ मध्ये याचं नाव जगभर झालं आणि इथे तो विहिरीच्या भिंतीवर कुणाचं लक्ष जात नाही असा उभा असतो. पावसाळ्यात पाटणादेवी, मनुदेवी किंवा तोरणमाळला गेलात तर ओल्या कातळांवर आणखी सापडतील. तिथे तोडू नका, उपटू तर नकाच. पान हलकेच उलटं करून फोटो काढा आणि सोडून द्या.

एक सावधगिरी. पाठीवर तपकिरी ठिपके दिसले म्हणून हरखून जाऊ नका, ती खवले कीड असू शकते. माझ्या एका मैत्रिणीने तिच्या बर्ड्स नेस्टला 'बीजाणू धरले' म्हणून पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. पुंज फक्त पाठीवर असतात, त्यांना शिरांशी जुळणारी काहीतरी मांडणी असते किंवा निदान आकार तरी सारखा असतो. कीड मधल्या शिरेलगत, देठावर, पानाच्या वरच्या बाजूलाही चिकटते, लहानमोठी असते, नखाने टरफलासारखी निघते आणि खाली चिकट ओल लागते. मुंग्यांची रांग लागली असेल तर शंकाच नको. ओल्या कापसाने पुसून काढा. कीटकनाशक मारायची घाई करू नका, नेच्यांची पानं त्याने सहज करपतात.

आणि ठिपके नसतीलच तर? थांबा. कोवळ्या झाडाला पुंज येत नाहीत. माझ्या झाडाला विकत घेतल्यापासून आठ महिने लागले. एप्रिलच्या सुरुवातीला सगळ्यात जुन्या पानाच्या पाठीवर, तुरा सुरू होतो त्याच्या जरा खाली, हिरवट फुगवट्या दिसल्या. पंधरा दिवसांत त्या तपकिरी झाल्या. गोल, बारीक, उघड्या, विखुरलेल्या. मोहरी सांडली होती. काही वाणांना पुंज कधीच येत नाहीत किंवा आले तरी बीजाणू वांझ असतात, तेव्हा शिरा आणि बुंधा यांवरच भागवावं लागतं.

बीजाणूंचा ठसा

ही पायरी नाही केली तरी चालेल, पण मुलांना सोबत घेऊन करण्यासारखी आहे. पुंज तपकिरी झालेत पण अजून फुटले नाहीत, अशा पानाचा तुकडा कापा. पांढऱ्या कागदावर पाठ खाली करून ठेवा, वर दुसरा कागद आणि हलकं पुस्तक. पंखा बंद. एक-दोन दिवसांनी अलगद उचला. खाली पुंजांचा नकाशा पावडरीत उमटलेला असतो.

पावडरीचा रंग कामाचा आहे. ॲस्प्लेनियमचे बीजाणू गडद तपकिरी ते काळसर. मायक्रोसोरम, फ्लेबोडियम, बाशिंग ज्या कुळात येतात त्या पॉलिपोडिएसी कुळातले बहुधा पिवळे किंवा फिकट. माझ्या कागदावर हळदीची चिमूट पडावी तशी पिवळी पूड होती. त्या दिवशी ॲस्प्लेनियमची फाईल बंद केली.

ठसा घ्यायच्या आधी दिव्याखाली भिंगातून पुंजाकडे नुसतं दोन मिनिटं बघा. प्रत्येक पिशवीला जाड पेशींचं एक कडं असतं. वाळताना ते मागे ताणलं जातं आणि एका क्षणी फटकन पुढे येतं, गोफणीसारखं, आणि बीजाणू उडतात. दिव्याच्या उबेने हे डोळ्यांदेखत होतं. आमच्या घरी त्या रात्री मालिका कुणी पाहिली नाही.

नाव किती लांब लिहायचं?

इथे बहुतेक जण घसरतात, म्हणून जरा तपशिलात. वांगं घ्या. वांगी, बटाटा, टोमॅटो एकाच वंशातले. त्यात वांगं ही एक जात. आणि भरताचं ते हिरवट-पांढरं, बामणोदचं म्हणून आपण हातात घेऊन ओळखतो, तो वाण. नेच्याचंही असंच: वंश, मग जात, मग वाण.

पाठ, शिरा, बुंधा आणि बीजाणू यांनी आपल्याला वंश मिळतो, आणि घरगुती साधनांनी तेवढा मिळणं हेच मोठं यश आहे. जगात नेच्यांच्या साडेदहा हजारांच्या आसपास जाती आहेत, पण कुंड्यांमध्ये विकल्या जाणाऱ्या थोड्याच. म्हणून वंश कळला की जातीचा अंदाज बांधता येतो. आफ्रिकेपासून आशियातून पॅसिफिक बेटांपर्यंत पसरलेली मायक्रोसोरम पंक्टाटम ही जात कुंड्यांमध्ये जुनी आहे, एकसंध पट्टापानाची आहे, आणि तिचा तुरेदार वाण 'ग्रँडिसेप्स' या नावाने विकला जातो. पंक्टाटम म्हणजे ठिपकेदार. माझ्या झाडाचं सगळं वर्णन तिथे जुळलं.

वाणाचं नाव मात्र झाडाकडे बघून छातीठोकपणे सांगता येत नाही. वाण म्हणजे वंशावळ. ते विशिष्ट रोप कुठल्या मूळ रोपापासून वाढवत आणलं, याची साखळी असेल तरच ते नाव लागतं. बॉस्टन फर्नचंच बघा. १८९४ मध्ये फिलाडेल्फियाहून बोस्टनकडे पाठवलेल्या साध्या नेच्यांमध्ये एक झाड जरा वेगळं, जास्त झुकलेल्या पानांचं निघालं आणि त्याच्यापासून पुढे कुरळे, झालरवाले, बुटके, सोनेरी असे कितीतरी वाण फुटले. त्यांतले काही एकमेकांशेजारी ठेवले तर त्यांच्या विक्रेत्यालाही सांगता येणार नाही. तेव्हा पट्टी नसेल तर '-सारखा' किंवा 'असावा' लिहायला लाजू नका.

कुणा जाणत्याला दाखवायचं असेल तर नुसता समोरचा फोटो नेऊ नका. पुंज असलेलं पूर्ण पान देठाच्या बुडापासून, वर्तमानपत्रात दाबून वाळवलेलं. बुंध्याचे दोन-चार खवले कागदाच्या पुडीत. आणि तारीख, कुठून घेतलं ही चिठ्ठी. जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्र विभागात हे घेऊन जा. असं व्यवस्थित पान समोर आलं की प्राध्यापक मंडळी खुशीने वेळ देतात, हा माझा अनुभव.

नाव कळल्यावर कुंडीत काय बदललं

पहिलं म्हणजे मी त्याला काळ्या मातीतून बाहेर काढलं. हातगाडीवाल्याने पिशवीत कपाशीच्या शेतातली माती भरली होती, ती पाण्याने चिकट आणि उन्हाने दगड. पंक्टाटम निसर्गात झाडांच्या खोडांवर आणि खडकांवरही वाढतो, त्याला मुळाशी हवा लागते. नारळाच्या सोडणांचे तुकडे, लाकडी कोळसा, विटेचे खडे आणि थोडं पालापाचोळ्याचं खत, असं भरभरीत मिश्रण केलं. आडवं खोड वरच ठेवलं, पुरलं नाही. पुरलं की कुजतं. हेच झाड बर्ड्स नेस्ट ठरलं असतं तर मिश्रण जवळपास हेच, पण पाणी कडेने, मधल्या घरट्यात नाही.

'रोज पाणी टाका' हा सल्ला पावसाळ्यात मोडला, वरचा थर सुकला की मगच. उन्हाळ्यात मात्र सकाळ-संध्याकाळ. बोअरचं पाणी शक्यतो टाळते, क्षारांनी पानांच्या कडा करपतात आणि कुंडीवर पांढरी साय धरते. पावसाळ्यात पत्र्यावरून धरलेले दोन ड्रम जानेवारीपर्यंत पुरतात, पुढे नळाचं रात्रभर उघडं ठेवलेलं.

मे महिन्यातली खरी लढाई पाण्याची नसते, कोरड्या हवेची असते. लंडनच्या डॉ. नॅथॅनियल वॉर्डने १८२९ च्या सुमाराला बंद बाटलीत नेचा आपोआप उगवलेला पाहिला आणि त्यावरून काचेची पेटी तयार केली, ज्यात झाड स्वतःच्याच ओलाव्यावर जगतं. ती पेटी धुरकट थंड शहरासाठी ठीक. आमच्या गॅलरीत मे महिन्यात काचेत झाड ठेवलं तर त्याचं भरीत होईल. आमची पेटी म्हणजे कूलर. ज्या खोलीत कूलर चालतो त्याच खोलीत, पण थेट झोतात नाही, बाजूच्या कोपऱ्यात, पूर्वेच्या खिडकीपासून चार-पाच फूट आत कुंडी ठेवते. खाली परातीत खडे आणि पाणी. वीज गेली की ओलं गोणपाट खिडकीला. २०२४ चा आणि २०२५ चा उन्हाळा या बेतावर निघाला, दोन-दोन पानं गेली, झाड राहिलं.

कुंडीत खोचलेल्या आइस्क्रीमच्या काडीवर आता लिहिलंय: 'मायक्रोसोरम पंक्टाटम, तुरेदार. ग्रँडिसेप्स असावा. हातगाडी, जळगाव, ऑगस्ट २०२३.' यंदाच्या पावसाळ्यात त्याच खोडावर एक पान सरळ आलं, तलवारीसारखं, तुरा नाही, एक फाटही नाही. तुरेदार नेचे असे अधूनमधून मूळ रूपावर जातात, आणि साधी पानं वरचढ होऊ नयेत म्हणून ती बुडापासून कापावीत असंच सगळे सांगतात. मी हे एक ठेवलंय. रानातला पंक्टाटम कसा दिसतो, ते दाखवायला माझ्याकडे दुसरं काही नाही. सासूबाईंना दाखवलं तर त्यांनी तुऱ्याच्या पानावर बोट ठेवलं, मग सरळ पानावर, आणि म्हणाल्या, "हाई कोंबडा, आनि हाई कोंबडी."